दोरीची दोन टोके

चैत्र लागला म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील रानालगतच्या गावांना भल्या पहाटे जाग येते. मोहाची फुले टपटप गळू लागलेली असतात, आणि ती वेचण्यासाठी माणसे टोपल्या घेऊन अंधुक उजेडातच रानाची वाट धरतात. त्यांच्या मागेपुढे घरचा कुत्रा धावत असतो. एखाद्या वर्षी त्या कुत्र्याबरोबर तीन-चार महिन्यांचे एक पिल्लूही निघते. त्याला सारेच नवे असते. वाळलेल्या पानांत काही खसखसले की ते तिकडे धावते. खार दिसली की झाडापर्यंत तिचा पाठलाग करते. वाट कोठे राहिली आणि आपली माणसे कोठे राहिली, याचे भान त्याला उरत नाही. याच रानात बिबट्याही वावरतो, आणि कुत्रा हे त्याचे सहज मिळणारे भक्ष्य आहे. परतताना टोपल्या मोजल्या जातात, माणसे मोजली जातात. पिल्लू मात्र कधी कधी त्या मोजणीत सापडत नाही.

गावातही त्याच्यापुढचे संकट कमी नसते. धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रक सडकेने धावत असतात. समोरच्या शेळीच्या मागे लागलेले पिल्लू आपला वेग आणि ट्रकचा वेग यांचा हिशेब करू शकत नाही. म्हणून पिल्लू घरी आणणाऱ्या प्रत्येकाने त्याला एक विद्या लवकरच शिकविली पाहिजे. ती म्हणजे गळ्यात पट्टा बांधून आणि दोरी सैल ठेवून माणसाच्या बरोबरीने चालणे. ही विद्या दिसते तितकी सोपी नाही. पण समजून घेतली तर फारशी अवघडही नाही.

कुत्रा आणि माणूस यांचा स्नेह फार प्राचीन आहे. शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी, निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी, कुत्रा माणसाच्या वस्तीत आला. सौदी अरेबियाच्या वायव्य भागातील खडकांवर शिकारीची चित्रे कोरलेली आहेत. त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही चित्रांत कुत्र्याच्या मानेपासून शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत एक रेघ ओढलेली आहे. ती रेघ म्हणजे दोरीच असावी, आणि ही चित्रे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे आज अंगणात पिल्लाच्या मागे दोरी धरून धावणारा मुलगा जे करीत असतो, ते माणसाचे फार जुने काम आहे.

तरीही दोरीला चालणे पिल्लाच्या उपजत स्वभावात नाही. जन्मतः पिल्लाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. सुमारे दोन आठवड्यांनी त्याचे डोळे उघडतात. त्यानंतर त्याला ऐकू येऊ लागते. तिसऱ्या आठवड्यापासून साधारणतः बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या आयुष्यात फार महत्त्वाचा असतो. या काळात जी माणसे, जे आवाज आणि ज्या वस्तू त्याला प्रेमाने ओळखीच्या होतात, त्यांची त्याला पुढे सहसा भीती वाटत नाही. या काळात ज्याने त्याला घाबरविले, त्याची भीती मात्र पुष्कळदा जन्मभर टिकते. म्हणून पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच असावे, आणि नव्या घरी आल्यावर दोन-चार दिवसांनी त्याच्या शिक्षणास हळूच आरंभ करावा.

पहिला धडा केवळ पट्ट्याचा. पट्टा मऊ, हलका आणि मानेला बेताचा असावा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. त्याहून घट्ट असेल तर काचतो, आणि फार सैल असेल तर डोक्यावरून निसटतो. पिल्लू वाढत असते, म्हणून हे माप दर आठवड्यास पुन्हा पाहावे लागते. पट्टा प्रथम जेवणाच्या वेळी बांधावा. पिल्लू दोन-तीनदा पायाने मान खाजवील, परंतु समोर दूधभाकरी असल्यामुळे लवकरच पट्टा विसरून जाईल. जेवण संपले की पट्टा काढावा. असे तीन-चार दिवस केले म्हणजे पट्टा दिसताच ते शेपूट हलवू लागते. कारण पट्टा आणि जेवण यांची त्याच्या मनात सांगड बसलेली असते.

ही सांगड कशी बसते, याचा शोध रशियातील शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांनी घेतला. ते कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत होते, आणि त्या कार्यासाठी त्यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणारा माणूस दिसताच कुत्र्यांच्या तोंडाला लाळ सुटते, असे त्यांच्या ध्यानी आले. पुढे अन्न देण्यापूर्वी ठरावीक आवाज ऐकविला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही लाळ सुटते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. पट्टा पाहून आनंदणारे पिल्लू हेच तत्त्व आपल्या अंगणात सिद्ध करीत असते. परंतु हे तत्त्व दुधारी आहे. ज्या घरात शिक्षा करण्यासाठीच पिल्लाला बांधले जाते, तेथे त्याच न्यायाने पट्टा दिसताच ते खाटेखाली दडी मारते.

दुसरा धडा दोरीचा. लोखंडी साखळी पिल्लास जड होते. सुमारे दीड ते दोन मीटर लांबीची हलकी, हाताला न काचणारी दोरी पुरे. ती पट्ट्याला अडकवून प्रथम तशीच सोडून द्यावी. पिल्लू अंगणात हिंडेल आणि दोरी त्याच्या मागे सरपटत जाईल. या वेळी कोणीतरी जवळ बसलेच पाहिजे. कारण दोरी खाटेच्या पायात किंवा कुंपणात अडकली तर पिल्लाला फास लागण्याचा संभव असतो. पिल्लू दोरी चावू लागले तर ओरडू नये आणि दोरी हिसकूही नये. हिसकली की त्याला तो खेळ वाटतो. त्यापुढे चिंधीची गाठ टाकावी. दोरीपेक्षा ती बरी, हे त्याचे त्यालाच उमगते.

यानंतर दोरीचे दुसरे टोक हातात घ्यावे, आणि येथेच खरी परीक्षा सुरू होते. पिल्लाची नव्हे, माणसाची. पिल्लू पुढे धावते, दोरी ताणली जाते, आणि मुलगा तिला जोराने मागे ओढतो. पिल्लू अधिक जोर लावते. मुलगाही अधिक जोर लावतो. थोड्याच वेळात दोघांची रस्सीखेच सुरू होते. यात पिल्लाचा हट्टीपणा नसतो. कोणी आपल्याला एका बाजूस खेचले तर आपणही तोल सावरण्यासाठी दुसऱ्या बाजूस रेलतो; प्राण्यांचे शरीरही तसेच वागते. शिवाय मानेत श्वासनलिका असते. वारंवार बसणाऱ्या हिसड्यांनी तिला इजा होऊ शकते. फार ओढणाऱ्या किंवा लहानखुऱ्या पिल्लासाठी मानेऐवजी छातीभोवती बांधावयाचा पट्टा अधिक सुखाचा असतो.

मग करावे काय? दोरी ताणली की झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. बोलू नये, ओढू नये, पुढेही जाऊ नये. पिल्लू क्षणभर धडपडेल, मग ‘हे काय झाले?’ अशा मुद्रेने मागे वळून पाहील. त्याबरोबर दोरी सैल पडेल. त्याच क्षणी ‘शाबास!’ म्हणून त्याला आपल्या पायाजवळ मुरमुऱ्याचे चार दाणे किंवा उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा द्यावा, आणि पुन्हा चालू लागावे. दोरी पुन्हा ताणली की पुन्हा थांबावे. पहिल्या दिवशी दहा पावले चालण्यास दहा वेळा थांबावे लागेल. त्यात कमीपणा मानू नये.

या थांबण्यामागे साधे तर्कशास्त्र आहे. पिल्लू ओढते, कारण त्याला पुढे जावयाचे असते. ओढल्याने पुढे जावयास मिळाले तर ओढणे फायद्याचे आहे, असे ते शिकते. ओढल्याने चालणे थांबते आणि दोरी सैल होताच पुन्हा सुरू होते, असा अनुभव आला तर ते दोरी सैल ठेवावयास शिकते. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पुन्हा पुन्हा केली जाते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून हा नियम मांडला. मात्र फळ वेळेवर मिळाले पाहिजे. दोरी सैल झाल्यापासून एक-दोन सेकंदांत खाऊ मिळाला तरच त्या दोहोंचा संबंध पिल्लाला कळतो. खिशात चाचपडण्यात वेळ गेला आणि तेवढ्यात पिल्लू भुंकले, तर भुंकण्याबद्दल बक्षीस मिळाले, अशी त्याची समजूत होते.

नियमात घरातील सर्वांची एकवाक्यताही हवी. मोठा भाऊ थांबतो, धाकटी बहीण पिल्लाच्या मागे फरफटत जाते, आणि वडील कामाच्या गडबडीत कधी थांबतात, कधी थांबत नाहीत. अशा घरात पिल्लू काय शिकेल? दहा वेळा ओढल्यावर एकदा जरी यश आले, तरी ते अकराव्यांदा अधिक चिकाटीने ओढील. जो हट्ट कधी कधी पुरविला जातो, तो मोडण्यास सर्वांत कठीण असतो. म्हणून पिल्लाला शिकविण्यापूर्वी घरातील माणसांनी आपापसांत एक नियम ठरविला पाहिजे.

कधी याच्या उलट प्रकार घडतो. पिल्लू पुढे ओढीत नाही. ते जमिनीवर बसकण मारते आणि हलावयास नकार देते. अशा वेळी त्याला फरफटत नेणारी मुले पुष्कळ दिसतात. वस्तुतः बसलेले पिल्लू काहीतरी सांगत असते. कदाचित समोर दळणाची चक्की घरघरत असेल. कदाचित पायात काटा रुतला असेल. कदाचित ते केवळ दमले असेल. अशा वेळी त्याच्या पातळीवर खाली बसावे, अंग थोडे तिरपे करावे आणि मृदू स्वरात हाक मारावी. ते एक पाऊल पुढे आले तरी त्याचे कौतुक करावे. चक्कीची भीती असेल तर चक्कीपासून दूर, जेथे ते निर्धास्त असते, तेथे आधी चालवावे, आणि रोज थोडे थोडे अंतर कमी करावे. थेंबे थेंबे तळे साचते, हे तलावांच्या या जिल्ह्यातील मुलांस निराळे सांगावयास नको.

धडा लहान असावा. पाच मिनिटांचा एक, असे दिवसातून दोन-तीन धडे पुरेत. पिल्लू कंटाळण्यापूर्वी, ते आनंदात असतानाच धडा संपवावा. म्हणजे पुढच्या धड्याची ते वाट पाहते. प्रथम घराच्या ओसरीत, मग अंगणात, मग शांत गल्लीत, आणि सर्वांत शेवटी बाजाराच्या वाटेवर, असा क्रम ठेवावा. अंगणात उत्तम चालणारे पिल्लू बाजारात सारे विसरते, याचे आश्चर्य वाटू देऊ नये. घरी पाठ झालेली कविता वर्गात उभे राहिल्यावर आठवत नाही, त्यातलाच हा प्रकार. पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले की पुन्हा एकदा ओढू लागते. तेव्हा रागावून न जाता पहिल्या धड्याकडे परतावे.

ऋतूचाही विचार केला पाहिजे. गोंदियाचा उन्हाळा कडक असतो. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून शरीर थंड करतो. डांबरी सडकेवर त्याचे तळवे भाजतात. आपल्या हाताची मागची बाजू सडकेवर ठेवून पाहावी. पाच-सात सेकंद ती ठेववत नसेल तर ती सडक पिल्लाच्या पायांसाठी नाही. या दिवसांत पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच त्याला फिरवावे, आणि घरी येताच पाणी द्यावे.

गावाच्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी आणखी एक गोष्ट अवश्य करावी. पिल्लाला पशुवैद्यांकडे नेऊन लसी टोचून घ्याव्यात. साधारणतः तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस देतात, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा टोचावी लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर बहुधा कोणीही वाचत नाही. लस वेळीच घेतली तर मात्र तो टाळता येतो. कोणताही कुत्रा चावला किंवा त्याचा दात लागून ओरखडा आला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे. घरी कोणी रागावेल या भीतीने मुलाने ही गोष्ट लपविता कामा नये.

कुत्र्यांच्या दुसऱ्या एका रोगाचा संबंध थेट रानाशी पोचतो. त्याचे नाव डिस्टेंपर. पाळीव कुत्र्यांत पसरणारा हा विषाणू वन्य प्राण्यांनाही सोडीत नाही. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या प्रदेशात १९९४ मध्ये या रोगाने सुमारे एक हजार सिंह मरण पावले. गुजरातेतील गीरच्या जंगलात २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यातील काहींच्या शरीरात हाच विषाणू आढळला. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाला. तो गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांत पसरला आहे. तेथे वाघ आणि बिबटे आहेत, तसेच कोळसून म्हणजे रानकुत्रेही आहेत. कोळसून कळपाने राहतात. एकाला रोग झाला तर तो सर्वांत पसरावयास वेळ लागत नाही. म्हणून गावच्या पिल्लाला लस टोचणे आणि रानाच्या कडेने जाताना त्याला दोरीवर ठेवणे, ही केवळ त्या पिल्लाची काळजी नव्हे. ते रानाचेही रक्षण आहे. चितळाच्या पाडसामागे धावणारे पिल्लू पाहून मुलांना मौज वाटते. पाडसाच्या दृष्टीने मात्र तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.

शिक्षण घेतलेल्या कुत्र्याच्या हातून केवढे कार्य होऊ शकते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्या काळात पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात लॅब्राडोर जातीचा एक कुत्रा होता. त्याचे नाव जंजीर. वासावरून त्याने दडवून ठेवलेली तीन हजार किलोंहून अधिक स्फोटके शोधून दिली, आणि असंख्य माणसांचे प्राण वाचले. नोव्हेंबर २००० मध्ये तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने अखेरचा निरोप दिला. जंजीर या शब्दाचा अर्थच साखळी. परंतु पोलिसाच्या हातातील दोरी कुत्र्याला केवळ आवरण्यासाठी नसते. कुत्रा कोठे थबकला, कोठे वळला, कोठे किंचित जोर लावला, हे त्या दोरीतून त्याच्या सोबत्याच्या हाताला कळते. पहिल्या महायुद्धात आंधळे झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. तेथेही कुत्र्याच्या अंगावरील पट्ट्याची मूठ धरूनच अंध माणूस रस्ता ओळखू लागला. दोरीतून बोलणे चालते ते दोन्ही बाजूंनी.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. शेपटाच्या बाबतीत ती खरी असेल. कुत्र्याच्या बाबतीत खरी नाही. नळीत कोंबून कोणाचेच शेपूट सरळ होत नाही, हे मात्र त्या म्हणीतून शिकण्यासारखे आहे. मार खाल्लेले पिल्लूही दोरीला चालते. पण ते मान खाली घालून, शेपूट पायांत घेऊन चालते. त्याच्या मालकाने चालणे शिकविलेले नसते, केवळ भीती शिकविलेली असते. आणि भ्यालेला कुत्रा एखाद्या दिवशी चावतो, तेव्हा दोष कुत्र्याला दिला जातो.

महिना-दीड महिना असा अभ्यास झाला म्हणजे एक दिवस नवलाची गोष्ट घडते. मुलगा चालत असतो, पिल्लू त्याच्या डाव्या पायाशी चालत असते, आणि दोघांमधील दोरी खाली सैल लोंबत असते. समोरून शेळ्यांचा कळप जातो. पिल्लाचे कान टवकारतात. ते शेळ्यांकडे पाहते, मग वर मुलाच्या तोंडाकडे पाहते, आणि चालत राहते. त्या क्षणी दोरी आहे काय आणि नाही काय, सारखेच असते. तरीही शहाणा मुलगा सडकेवर आणि रानाच्या कडेला ती सोडीत नाही; कारण ट्रक आणि बिबट्या यांना पिल्लाचे शिक्षण ठाऊक नसते.

धर्मराज युधिष्ठिराच्या मागून एक कुत्रा थेट स्वर्गाच्या दारापर्यंत गेला, अशी महाभारतात कथा आहे. त्याला सोडून एकट्याने स्वर्गात जाण्यास धर्मराजाने नकार दिला. कुत्रा त्याच्या मागून गेला तो विश्वासाने, आणि धर्मराज त्याच्यासाठी थांबला तोही त्याच विश्वासाला जागून. अंगणात रोज पाच मिनिटे पिल्लासाठी थांबणारा मुलगा तेच थांबणे लहान प्रमाणात शिकत असतो. दोरीच्या एका टोकाला पिल्लू असते आणि दुसऱ्या टोकाला माणूस. चालावयास दोघांनाही शिकावे लागते.